बी.एस्सी. नर्सिंग : अकरावीच्या विषयांपासून नोंदणी क्रमांकापर्यंत

बी.एस्सी. नर्सिंगला जायचं की नाही, याचा अर्धा निर्णय अकरावीत विषय घेतानाच होऊन जातो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चार विषय हवेतच. गणित नसलं तरी अडत नाही. बारावीला खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के ही भारतीय परिचर्या परिषदेची किमान अट आहे. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण झालेली असावीत. कमाल मर्यादा ३५ वर्षांची आहे. म्हणजे लग्न झालेल्या, एखाद-दुसरं मूल असलेल्या मुलींनाही हा रस्ता बंद नाही. मुलग्यांनाही नाही. ‘ब्रदर’ हा शब्द आता आपल्या इस्पितळांत कुणाला नवा राहिलेला नाही.

कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झाली असेल तर निराश होऊन परत फिरू नका. इंग्रजीसह ४० टक्के असतील तर तीन वर्षांचा जीएनएम हा पदविका अभ्यासक्रम करता येतो. त्यानंतर परिचारिका म्हणून नोंदणी करून दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करता येतो. वर्षं चाराऐवजी पाच लागतात, पण हाती पदवीच येते.

निकालाच्या आधी कागद

मार्कांच्या काळजीत घरातलं कुणीच कागदांकडे बघत नाही आणि चांगली जागा मार्कांनी नव्हे, कागदांनी हातची जाते. म्हणून हे काम अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत काढा.

आरक्षित प्रवर्गातल्या मुलांना जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज विज्ञान शाखेच्या मुलांनी अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत जात पडताळणी समितीकडे करायचा असतो. त्यासाठी वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, महसुली नोंदी असे जुने पुरावे शोधावे लागतात. गावच्या शाळेचं जुनं रजिस्टर उघडून घ्यायलाच कधी कधी महिना जातो. इतर मागास, भटके विमुक्त आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांना नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही हवं आणि त्याची मुदत संपलेली नसावी. आर्थिक दुर्बल घटकासाठी वेगळा दाखला. अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून, सेतू किंवा आपले सरकार केंद्रामार्फत मिळतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र हे तर हवंच. मध्ये वर्ष गेलं असेल तर खंडाबद्दलचं प्रतिज्ञापत्र. राज्य मंडळाबाहेरून बारावी केली असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र.

सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते एकदा ओळीने मांडून बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. हेच नाव पुढे पदवीवर, नोंदणीवर आणि परदेशी गेलात तर पासपोर्टवर येणार आहे.

याच काळात हेपॅटायटिस बी ची लस सुरू करा. तीन डोस लागतात : पहिला, त्यानंतर महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. पहिल्याच सत्रात वॉर्डात जावं लागतं. संरक्षण त्याआधी मिळालेलं बरं.

एक दिवस इस्पितळात घालवा

प्रवेशाच्या अर्जाआधी हे एक काम मी प्रत्येक मुलीला आणि मुलाला सांगते. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात ओळखीची सिस्टर शोधा, नातेवाईक म्हणून डबा घेऊन जा, पण वॉर्डात चार तास बसा. कुणाची लघवीची पिशवी रिकामी होताना, कुणाचं ड्रेसिंग चालू असताना, एखादा नातेवाईक ओरडत असताना सिस्टर काय करतात ते बघा. तो वास, ती घाई आणि रात्रपाळी आपल्याला झेपेल का, याचं उत्तर मोबाईलवरच्या व्हिडिओत मिळत नाही. रक्त बघून पहिल्यांदा गरगरलं तर घाबरू नका, ते बहुतेकांचं होतं आणि जातं. पण माणसाच्या शरीराची किळस मनातून जातच नसेल, तर दुसरी वाट धरण्यात कमीपणा नाही.

पालकांनाही सोबत न्या. ‘आमच्या घरात कुणी रात्रीची नोकरी केली नाही’ हे वाक्य त्यांनी घरी म्हणण्यापेक्षा वॉर्डात बसून विचारात घेतलेलं चांगलं.

प्रवेश परीक्षा

महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची, म्हणजे सीईटी सेलची स्वतंत्र परीक्षा होते. १०० प्रश्न, १०० गुण, दीड तास. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग कल या पाच भागांना प्रत्येकी २० प्रश्न. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नका. अर्जाची मुदत बारावीच्या परीक्षेच्या आसपासच उघडते आणि मिटते, तेव्हा जानेवारीपासून सीईटी सेलचं संकेतस्थळ आठवड्यातून एकदा बघायची सवय ठेवा.

जीवशास्त्रावर भर द्यायचा हे मुलांना कुणी सांगावं लागत नाही. निसटतं ते इंग्रजी आणि नर्सिंग कल. हे दोन्ही मिळून ४० गुणांचे आहेत, दोन विज्ञान विषयांइतके. इंग्रजीसाठी रोज एक उतारा वाचून त्यावरचे प्रश्न सोडवा. कल तपासणाऱ्या प्रश्नांत प्रसंग देऊन ‘तुम्ही आधी काय कराल’ असं विचारलं जातं. तिथे रुग्णाची सुरक्षितता सगळ्यात आधी, मग त्याची सोय, मग बाकी कामं, हा क्रम डोक्यात ठेवला की बरीच उत्तरं सापडतात.

निकालात पर्सेन्टाइल येतं आणि घरोघरी गोंधळ उडतो. ५० पर्सेन्टाइल म्हणजे १०० पैकी ५० गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्मी मुलं तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परिषदेच्या नियमावलीत खुल्या प्रवर्गासाठी ५० आणि अनुसूचित जाती-जमाती व इतर मागास वर्गासाठी ४० पर्सेन्टाइल ही पात्रतेची रेषा आहे.

दोन दारं याहून वेगळी आहेत. एम्सच्या बी.एस्सी. (ऑनर्स) नर्सिंगसाठी एम्सची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. आणि सैनिकी परिचर्या सेवेसाठी अविवाहित मुलींना नीट परीक्षा देऊन वेगळा अर्ज करावा लागतो. त्या सेवेची सहा नर्सिंग कॉलेजं देशात आहेत आणि त्यातली दोन आपल्याकडे : पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातलं आणि मुंबईच्या नौदल रुग्णालयातलं, म्हणजे आयएनएचएस अश्विनीतलं. दोन्हीकडे ४०-४० जागा. शिक्षणाचा खर्च सरकार करतं, करार लिहून द्यावा लागतो आणि शिक्षण संपल्यावर लेफ्टनंट म्हणून नेमणूक होते. ज्या मुलीला शिस्त आवडते आणि बदल्यांची भीती नाही तिने नीटचा अर्ज जरूर भरावा.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, रुग्ण बघा

सगळ्या प्रक्रियेत ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि सगळ्यात घाईने उरकली जाते ती हीच. काचेची इमारत, वातानुकूलित वर्ग, स्वागताला फुलं. यातलं काहीही नर्स घडवत नाही. नर्स घडते ती भरलेल्या खाटांमध्ये. म्हणून कॉलेजला जोडलेलं रुग्णालय हीच खरी शाळा समजून चौकशी करा.

परिषदेच्या नियमाप्रमाणे नर्सिंग कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय लागतं. खाटा कागदावर आहेत की त्यांवर रुग्ण आहेत, ते कळायला कामाच्या दिवशी सकाळी दहाला त्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन उभं राहा. केसपेपरच्या खिडकीपाशी रांग आहे का? मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डात खाटा भरलेल्या आहेत का? प्रसूतिकक्षात महिन्याला किती बाळंतपणं होतात? हा शेवटचा प्रश्न कॉलेजच्या कार्यालयात विचारा आणि तोच वॉर्डातल्या सिस्टरांना विचारा. दोन उत्तरांत फार अंतर पडलं तर समजून जा.

मग तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना गाठा. त्या खरं सांगतात. विचारा : क्लिनिकल पोस्टिंगला किती लांब जावं लागतं, बस कॉलेजची आहे की स्वतःच्या खर्चाने, वॉर्डात शिकवायला शिक्षिका सोबत असतात की हजेरी घेऊन परत जातात, मानसिक आरोग्याचं पोस्टिंग कुठे होतं? राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच आहेत : ठाणे, पुण्याचं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. आपलं कॉलेज तिथे पाठवतं का आणि राहायची सोय कशी होते, हे आधीच कळलेलं बरं.

मान्यतेचे कागद तपासायला विसरू नका. राज्य शासनाची परवानगी, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता या तिन्ही गोष्टी चालू वर्षासाठी हव्यात, शिवाय भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत नाव हवं. विद्यापीठ बहुतेक ठिकाणी नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ असतं. मुंबईतलं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज मात्र एसएनडीटी महिला विद्यापीठाचं आहे. ‘मान्यता येतेय, अर्ज केलाय’ असं सांगणाऱ्या संस्थेत पैसे भरू नका. यादीत नाव नसलेल्या कॉलेजमधून चार वर्षं शिकलेल्या मुलीला पुढे दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात नोंदणी करताना रडायची वेळ येते.

माझं स्पष्ट मत आहे : सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयाशी जोडलेलं कॉलेज मिळत असेल, तर वसतिगृह जुनं असलं, पंखा आवाज करत असला तरी तेच घ्या. जे. जे. रुग्णालयातल्या नर्सिंग शिक्षण संस्थेत किंवा जिल्हा आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत एका महिन्यात जे आजार डोळ्यांसमोर येतात, ते छोट्या खाजगी रुग्णालयात वर्षातही येत नाहीत.

शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीत कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना मनातला खरा क्रमच भरा. ‘हे मिळणार नाही’ म्हणून वरचं कॉलेज सोडून देऊ नका, वरची पसंती मिळाली नाही म्हणून खालची जागा जात नाही. उलट जे कॉलेज मिळालं तर जाणारच नाही, ते यादीत लिहूच नका. पहिल्या फेरीत मिळालेल्या जागेवर समाधान असेल तर ती कायम ठेवण्याचा अर्ज भरून द्या. तो न भरता पुढच्या फेरीत वरचं कॉलेज लागलं, तर आधीची जागा आपोआप सुटते.

पैशांची जुळणी

खाजगी कॉलेजांचं शुल्क राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ते त्याच्या संकेतस्थळावर दिसतं. कॉलेज मागतं तो आकडा त्याच्याशी ताडून बघा. वसतिगृह, खानावळ, गणवेश, पुस्तकं, प्रवास हे वेगळं धरा.

अनुसूचित जाती-जमातींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. २०२४ च्या जुलैत शासनाने निर्णय काढला, त्यानुसार वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच लक्षात ठेवा : प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतला की हा लाभ जातो. मुलग्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती योजना बघा. राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. शिष्यवृत्तीचे बहुतेक अर्ज महाडीबीटीवर होतात आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. आधार बँक खात्याला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात.

प्रवेश घेताना मूळ कागदपत्रं जमा करावी लागली तर यादीसह पोच घ्या आणि प्रत्येकाच्या स्कॅन प्रती स्वतःजवळ ठेवा.

पहिलं वर्ष : इंग्रजीची भिंत

२०२१ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात चार वर्षांची आठ सत्रं आहेत. पहिल्या सत्रात शरीररचना व शरीरक्रिया, समाजशास्त्र व मानसशास्त्र, संवादात्मक इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशन. दुसऱ्यात जीवरसायन, पोषण व आहारशास्त्र, प्रथमोपचारासह फाउंडेशनचा दुसरा भाग आणि आरोग्य माहिती तंत्रज्ञान.

मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे पहिल्या दोन महिन्यांत खचतात. हुशार मुलगी वर्गात गप्प बसायला लागते. यावर उपाय आहे. वहीला तीन रकाने करा : इंग्रजी संज्ञा, तिचे तुकडे पाडून अर्थ, आणि ती कुठल्या रुग्णात बघितली. ‘कार्डिओ’ म्हणजे हृदय, ‘हेपॅटो’ म्हणजे यकृत, ‘नेफ्रो’ म्हणजे मूत्रपिंड, ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणं. असे शंभरेक तुकडे पाठ झाले की अनोळखी शब्दही अंदाजाने उलगडायला लागतात. विषय आधी मराठीत समजून घ्या, एकमेकींना मराठीत समजावून सांगा, पण उत्तर लिहायचा सराव पहिल्या आठवड्यापासून इंग्रजीतच करा. पेपर इंग्रजीत असतो आणि रुग्णाची नोंदही इंग्रजीतच करायची असते.

थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत हजेरी किमान ८० टक्के लागते. आणि पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के भरून काढावीच लागते. आजारपणात बुडालेली ड्युटी कधीतरी परत करायची असतेच, म्हणून सुट्ट्या जपून घ्या. उत्तीर्ण व्हायला थिअरी आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळे ५० टक्के हवेत. एकाची कमतरता दुसऱ्याने भरून निघत नाही. अभ्यासक्रम पूर्ण करायला जास्तीत जास्त आठ वर्षं मिळतात.

वॉर्डात शिकायचं कसं

पहिल्यांदा पांढरा गणवेश चढवून वॉर्डात गेलं की काय करावं ते कळत नाही. रुग्ण ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतात आणि हात थरथरतात. सुरुवात हातांपासूनच करा. साबण-पाण्याने हात धुवायला ४० ते ६० सेकंद, हँडरबने २० ते ३० सेकंद. रुग्णाला हात लावण्याआधी, कुठलीही निर्जंतुक कृती करण्याआधी, शरीरद्रवांशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर. या पाच वेळा अंगवळणी पडल्या की निम्मी परिचर्या आली.

रुग्णापाशी गेल्यावर आधी नाव सांगा, त्याचं नाव विचारा आणि हातातल्या फाईलशी जुळवा. ‘मावशी, मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे, तुमची नाडी बघते’ एवढं म्हणायला काही वेळ लागत नाही आणि समोरचा माणूस सैल होतो. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, ठोका चुकत असेल तर तो त्यात हरवतो. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका आणि तसाच श्वास मोजा. श्वास मोजताहेत असं कळलं की माणसाचा श्वास बदलतो. मोठ्या माणसाची नाडी विश्रांतीत ६० ते १०० आणि श्वास १२ ते २० असतात. पण आकडा लिहून पुढे सरकू नका. ११० नाडी दिसली तर ताप आहे का, रक्त जातंय का, वेदना आहेत का, की रुग्ण जिना चढून आला आहे, हे तिथेच शोधा आणि इन्चार्ज सिस्टरांना सांगा.

औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ आणि नंतर योग्य नोंद, हे दरवेळी मनात म्हणा. न केलेल्या कामाची नोंद कधीही लिहू नका आणि दिलेलं औषध लिहायचं राहू देऊ नका, नाहीतर पुढच्या पाळीतली सिस्टर तोच डोस पुन्हा देईल. गणिताची भीती असणाऱ्यांनी थेंबांचा हिशोब रोज एकदा करावा. समजा, ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं आहे आणि सेटमधून १ मिलीला २० थेंब पडतात. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. ४ तास म्हणजे २४० मिनिटं. भागाकार सुमारे ४१.७ येतो, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. कागदावर हे सोपं वाटतं, पण रात्री तीनला भरलेल्या वॉर्डात ते चटकन यायला हवं, म्हणून रोजचा सराव.

सुई वापरल्यावर तिचं टोपण पुन्हा लावू नका. ती थेट पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात जाते. पिवळी पिशवी शरीराच्या अवयवांना आणि रक्ताने भिजलेल्या कापसाला, लाल पिशवी नळ्या आणि प्लास्टिकला, निळा डबा काचेला. आणि सुई टोचलीच तर बोट तोंडात घालू नका, दाबून रक्त काढू नका. साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच सांगा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि काहीही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ओरडा बसेल म्हणून टोचलेली सुई लपवणाऱ्या मुली आहेत. त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते : ओरडा विसरला जातो, ते तास परत येत नाहीत.

वॉर्डातल्या मदतनीस मावशी आणि मामा यांच्याशी नीट वागा. अंथरुणाला खिळलेल्या जड रुग्णाला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, हे त्यांच्याइतकं सफाईने कमी लोक दाखवतात.

मधली सत्रं

दुसऱ्या वर्षात प्रौढांचं आरोग्य, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र. औषधशास्त्र वहीतून पाठ होत नाही. आज वॉर्डात दिलेल्या पाच औषधांबद्दल रात्री वाचा : कशासाठी, किती, कुठला दुष्परिणाम, देण्याआधी काय तपासायचं. सहा महिन्यांत नेहमीची सगळी औषधं हाताखालून जातात.

तिसऱ्या वर्षापासून बालआरोग्य, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य आणि सहाव्या सत्रात प्रसूती परिचर्या सुरू होते. प्रसूतिकक्षात ठरावीक संख्येची बाळंतपणं स्वतःच्या हाताने, देखरेखीखाली करून लॉगबुकमध्ये सही घ्यावी लागते. त्या वेळी कळा देणाऱ्या बाईच्या डोक्याशी उभं राहून तिचा हात धरणं हेही काम आहे, प्रोसीजरइतकंच. बाळ आल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिन, बाळ कोरडं करून आईच्या छातीवर, पहिल्या तासात स्तनपान. प्रसूतीनंतर ५०० मिलीपेक्षा जास्त रक्तस्राव झाला तर तो धोक्याचा, हे कधीही विसरू नका. ग्रामीण भागात अजूनही आई दगावते त्यामागे हे मोठं कारण असतं.

सामुदायिक पोस्टिंगला मुली सहल समजतात. तसं करू नका. सपाट प्रदेशात ३०,००० आणि आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं आणि तिथल्या आशाताईंना प्रत्येक घरातली गरोदर बाई, टीबीचा रुग्ण, कुपोषित मूल तोंडपाठ असतं. त्यांच्यासोबत दारोदार फिरा. गृहभेटीत बॅग जमिनीवर टेकवायची नाही. खाली वर्तमानपत्र पसरा, त्यावर बॅग, आधी साबण-टॉवेल बाहेर, हात धुवा, मगच बाकीचं सामान. ज्यांना पुढे समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचं आहे, त्यांचा पाया इथेच घातला जातो. त्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण आता पदवीच्या अभ्यासक्रमातच आलेलं आहे.

सातव्या सत्रात संशोधन आणि संख्याशास्त्र येतं. प्रकल्पासाठी मोठा विषय घेऊ नका. ‘आमच्या वॉर्डात मधुमेही रुग्णांना पायांची निगा माहीत आहे का’ एवढा प्रश्न पुरे, पण माहिती स्वतः गोळा करा.

आठवं सत्र इंटर्नशिपचं : २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास, तिन्ही पाळ्या. प्रौढ विभागात सहा आठवडे आणि सामुदायिक, बाल, मानसिक व प्रसूती विभागांत प्रत्येकी चार. या काळात रोजच्या हँडओव्हरला पुढे उभ्या राहा आणि तीन रुग्णांची पूर्ण जबाबदारी मागून घ्या. नंतर नोकरीत कुणी इतकं हाताला धरून शिकवत नाही.

पदवीनंतरचं पहिलं काम

पदवी मिळाली म्हणजे काम करण्याचा परवाना मिळाला असं नाही. गुणपत्रिका आणि पदवीचं तात्पुरतं प्रमाणपत्र हाती येताच महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे परिचारिका आणि प्रसाविका म्हणून नोंदणी करा. त्यानंतर राष्ट्रीय पातळीवरच्या थेट नोंदवहीत नाव घालून राष्ट्रीय ओळख क्रमांक घ्या. दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर तो उपयोगी पडतो. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला आहे आणि १९४७ च्या कायद्याने आलेल्या भारतीय परिषदेची जागा आयोगाने घ्यावी अशी त्यात तरतूद आहे. त्यामुळे नियमांवर लक्ष ठेवा.

पुढच्या वाटा बऱ्याच आहेत. एम्सची नॉरसेट ही भरती परीक्षा बी.एस्सी. झालेल्यांना अनुभवाशिवाय देता येते, तर जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांचा अनुभव लागतो. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्य विभागांत अधिपरिचारिकांची भरती होते. एम.एस्सी. करायचं असेल तर पदवीला ५५ टक्के आणि एका वर्षाचा अनुभव हवा. परदेशाचा विचार असेल तर ब्रिटनसाठी इंग्रजीची परीक्षा आणि संगणकावरची चाचणी, अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही परवाना परीक्षा, जर्मनीसाठी जर्मन भाषा. त्याआधी इथे निदान दोन वर्षं मोठ्या रुग्णालयात काम करा, असं मी आग्रहाने सांगेन. शिक्षण चालू असतानाच परदेशी पाठवतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाला दारात उभं करू नका.

नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी १५० तासांचं निरंतर परिचर्या शिक्षण दाखवावं लागतं. कार्यशाळांची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून एका फाईलमध्ये लावत चला. आणि नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत, कुठलंही रुग्णालय कितीही घाई करत असलं तरी, रुग्णाच्या कागदावर नर्स म्हणून सही करू नका.